उत्कलनबिंदूचे मापन

ज्या तापमानाला द्रवाचा बाष्पदाब बाह्य दाबाइतका होतो, त्या तापमानास त्या द्रवाचा उत्कलनबिंदू म्हणतात. सेंद्रिय द्रवाची ओळख व शुद्धता पडताळण्यासाठी प्रयोगशाळेत त्याचे मापन करतात.

== सिवोलोबॉफ पद्धत ==
पदार्थ अल्प असल्यास १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत वापरतात. लहान परीक्षानळीत द्रवाचे काही थेंब घेऊन त्यात एक टोक बंद केलेली केशनलिका, उघडे टोक खाली येईल अशी ठेवतात. ही नळी तापमापीच्या फुग्यालगत बांधून द्रवरूप पॅराफिनमध्ये सावकाश तापवितात. सुरुवातीचे तुरळक बुडबुडे प्रसरण पावलेल्या हवेचे असतात. ते ग्राह्य धरत नाहीत. बुडबुड्यांची अखंड धार लागल्यावर उष्णता देणे थांबवितात. थंड होताना बुडबुडे थांबून द्रव केशनलिकेत शिरू लागतो, त्या क्षणीचे तापमान हा उत्कलनबिंदू होय.

== दाबाचा परिणाम ==
तापमानासोबत वातावरणीय दाबही नोंदवावा लागतो. समुद्रसपाटीला सुमारे १००° से. तापमानाला उकळणारे पाणी सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वर येथे ९५ ते ९६° से. तापमानालाच उकळते. दाब न नोंदविल्यास शुद्ध पदार्थही अशुद्ध ठरण्याची शक्यता असते.