रानडुक्कर, हरीण, वानर : पीक राखायचे साधे उपाय आणि कोणता किती दिवस चालतो

तेरखेडा (ता. वाशी) : बालाघाटाचा डोंगर जवळ असल्यानं आपल्या भागात जनावरांचा त्रास नवा नाही. सोयाबीन उगवलं की हरणं शेंडे खुडतात. भुईमूग, मका भरात आला की डुकरांचा कळप एका रात्रीत रान उकरून टाकतो. परसबागेत वानरं वेगळीच. जनावर न मारता, कमी खर्चात काय करता येतं ते पुढं दिलं आहे.

*केस :* डुकराची नजर कमजोर, पण नाक तिखट. ते जमीन हुंगत चालतं. सलूनमधले कापलेले केस बांधाच्या कडेनं फूटभर पट्ट्यात पसरा. केस नाकात गेले की डुक्कर मागं फिरतं. पाऊस-वारा झाला की पुन्हा टाकावे लागतात.

*साड्या :* जुन्या रंगीत साड्या खुंट्यांना ताणून बांधा. माणूस असल्याचा भास होऊन डुक्कर बिचकतं. हरीण मात्र बुटकं कुंपण सहज ओलांडतं, त्यासाठी साडी उंच बांधा.

*काठाची पिकं :* रब्बीत पिकाभोवती काटेरी करडईच्या चार दाट ओळी, खरिपात एरंडी. पेरणीच्या वेळीच याचा विचार करावा लागतो.

*जिवंत कुंपण :* बोरी-बाभळीच्या फांद्या लवकर सडतात. पावसाळ्याच्या तोंडाला घायपात, सागरगोटा किंवा करवंद लावा. दाट व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, पण नंतर खर्च नाही.

*वानर :* वास किंवा बुजगावण्याला वानर फार दिवस भीत नाही. परसबागेवर जाळी आणि राखणीला कुत्रा, एवढंच खरं.

कोणताही एकच उपाय हंगामभर चालत नाही. जनावर सरावतं. म्हणून आठ-दहा दिवसांनी उपाय बदला, आणि पीक भरायच्या आधीच सुरू करा. एकदा चव लागली की कळप रोज येतो. शेजारच्या चार-पाच जणांनी मिळून केलं तर जास्त उपयोग, नाहीतर तुमच्याकडचा कळप त्यांच्या रानात शिरतो.

*हे करू नका :* तारेत लाईटचा करंट सोडू नका. असं करणं गुन्हा आहे. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी किंवा घरचंच माणूस त्यात जातं. बॅटरीवरचं झटका मशीन वेगळं, त्यात क्षणभराचाच झटका बसतो. पण त्याच्या तारेला घरची लाईन कधीच जोडू नका. तेरखेड्याला फटाक्यांची कमी नाही, पण वाळलेल्या ज्वारीत, कडब्याच्या गंजीजवळ फटाका म्हणजे आगीला आमंत्रण. दारूचे गोळे खाण्यात घालून टाकणं तर गुन्हाच आहे, आणि त्यानं आपल्याच गाई-म्हशींचे जबडे फुटतात. रानडुक्कर, हरीण, मोर यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे.

*भरपाई :* नुकसान झालंच तर पीक मोडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. तीन दिवसांच्या आत वनविभागाकडं अर्ज द्या, सोबत सातबारा जोडा. तलाठी आणि कृषी सहायकांनाही कळवा. पंचनामा होईपर्यंत रान तसंच ठेवा, त्याशिवाय भरपाई मिळत नाही.