आसवांतले मीठ

कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानोबारायांच्या समाधीचे कीर्तन रंगले की ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून गेलेल्या आपल्या मंडळींचेही डोळे भरून येतात. शके १२१८ चा तो प्रसंग नामदेवरायांनी अभंगांत सांगितला. अश्रू तर अष्टसात्त्विक भावांतलाच एक. पण माउली, हे पाणी असते कशाचे?

डोळ्याच्या वर, बाहेरच्या अंगाला बदामाच्या आकाराची ग्रंथी असते. तिथून ते झरते. बहुतांश पाणीच, त्यात मीठ आणि थोडी प्रथिने. वरून स्निग्धाचा पातळ थर, म्हणून ते लगेच सुकत नाही. १९२२ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी जंतूंना विरघळवणारे लायसोझाइम जगापुढे मांडले. ते आसवांतही सापडले. त्यासाठी त्यांनी सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस घालून पाणी काढले होते! लिंबाचे का होईना, ते कामी आले.

आता आपल्या कल्याणचे. ३१ मार्च १८६५ रोजी इथे जन्मलेली यमुना, म्हणजेच आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या. बाळ दहाच दिवस जगले. वेळेवर उपचार मिळाले नाहीत. त्या आईच्या आसवांतही हेच पाणी, हेच मीठ. ती कुणी प्रयोगशाळेत नेली नाहीत. आनंदीबाईच साता समुद्रापार फिलाडेल्फियाला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविशीही पुरी होण्याआधी, पुण्यात निवर्तल्या. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला होता, तो बाळंतपणाच्या शास्त्रावर.