नक्षी आणि नकाशा

हैदराबादेत मुसी नदीच्या दक्षिण तीरावर सालारजंग वस्तुसंग्रहालय आहे. तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान यांच्या संग्रहातून ते उभे राहिले. १९५१ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीत ते लोकांना खुले झाले आणि १९६८ मध्ये नदीकाठच्या आजच्या इमारतीत आले. तेथील एका लाकडी पुतळ्यासमोर प्रेक्षकांची गर्दी सहसा हटत नाही. समोरून पाहावे तर तो ताठ मानेचा, उद्दाम मेफिस्टोफिलिस. मागे लावलेल्या आरशात पाहावे तर मान खाली घातलेली, लाजरी मार्गारेटा. गटेच्या 'फाउस्ट' नाटकातील ही दोन पात्रे सिकॅमोर वृक्षाच्या एकाच ओंडक्यातून पाठीस पाठ लावून कोरलेली आहेत. एकोणिसाव्या शतकातील हे काम. कोरणाऱ्याचे नाव मात्र मागे राहिलेले नाही.

हा पुतळा यंत्राने कोरता येईल काय, असा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी कोणी विचारला असता तर त्याची थट्टाच झाली असती. आज तसे नाही. टेबलावर मावणारे एक लहान यंत्र घरी आणून, संगणकाला जोडून, सागवानी फळीवर वेलबुट्टी, मोर किंवा गणपती कोरणारे हौशी लोक शहरोशहरी आढळतात. २०२३ च्या मार्चमध्ये हैदराबादेत रायदुर्ग भागात तेलंगण सरकारने उभारलेली टी-वर्क्स ही संस्था खुली झाली. नवी वस्तू कल्पनेतून नमुन्यापर्यंत नेण्यासाठी जी यंत्रसामग्री लागते ती तेथे एका छपराखाली असून तीत लाकूडकामालाही जागा आहे. ज्या शहरात १९४३ पासून प्रागा टूल्स आणि १९६५ पासून हिंदुस्थान मशीन टूल्स या कारखान्यांनी यंत्रे घडविणारी यंत्रे घडविली, त्या शहराला हे साजेसेच म्हटले पाहिजे.

यंत्राने कोरीवकाम करण्याची कल्पना काही आजची नव्हे. वाफेच्या इंजिनाला रूप देणारा जेम्स वॉट उतारवयात घराच्या माळ्यावर पुतळ्यांच्या प्रतिकृती काढणारे यंत्र जुळवीत बसे. अमेरिकेत टॉमस ब्लँचर्डने सुमारे १८२० मध्ये बंदुकीचे लाकडी दस्ते एका नमुन्यावरून कातणारे यंत्र चालू केले. पुढे लंडनचे पार्लमेंट भवन १८३४ च्या आगीत जळाले. त्याच्या पुनर्बांधणीला इतके कोरीव लाकूड लागणार होते की तेवढे हात मिळणे कठीण. तेव्हा टॉमस जॉर्डनने १८४५ मध्ये पेटंट घेतलेले यंत्र कामाला लावण्यात आले. त्यात एक बोथट काटा हाताने कोरलेल्या नमुन्यावरून फिरे आणि त्याच्याशी जोडलेली धारदार पाती शेजारच्या फळ्यांवर तेच चढउतार उतरवीत जात. नमुना एक, प्रती अनेक. शेवटचा हात मात्र कारागिराचाच असे. कोपरे साफ करणे, पानाची कड उचलणे ही कामे पटाशीनेच होत.

या सर्व यंत्रांत एक गोष्ट समान होती: आधी कोणीतरी हाताने कोरलेले असले पाहिजे. ती अट दुसऱ्या महायुद्धानंतर सुटली, आणि तीही लाकडाच्या नव्हे, हेलिकॉप्टरच्या निमित्ताने. अमेरिकेत मिशिगन राज्यातील जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवीत असे. पात्याची वक्ररेषा अनेक बिंदूंत मोडून प्रत्येक बिंदूचे अंक यंत्राला द्यावे, अशी त्याची युक्ती. अमेरिकेच्या हवाई दलाने पैसा पुरविला आणि मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेने १९५२ मध्ये छिद्रांकित फितीवरील अंकांनुसार चालणारे मिलिंग यंत्र लोकांसमोर आणले. त्या यंत्राची नियंत्रक सामग्री कपाटांएवढी होती. २००९ मध्ये 'ग्रब्ल' नावाची आज्ञावली विनामूल्य प्रसिद्ध झाली आणि तेच नियंत्रण तळहाताएवढ्या पट्टीवर येऊन ठेपले. हौशी माणसाच्या टेबलापर्यंत हे यंत्र पोचले ते येथून.

मराठीतील 'नक्षी' आणि 'नकाशा' हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत. आपल्या बोलीत त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. नक्षी कारागिराकडे गेली, नकाशा मोजणीदाराकडे. या यंत्रात त्या पुन्हा एकत्र येतात. फळीवरील प्रत्येक बिंदू डावीकडून किती, पुढून किती आणि किती खोल, या तीन अंकांनी सांगितला की काम झाले. यंत्र पक्के सांगकाम्या आहे. आधी जाड पाते फिरवून ते नको असलेले लाकूड काढते, मग गोल टोकाचे बारीक पाते शेतात नांगर चालावा तसे सरीमागून सरी काढीत जाते. तीस सेंटिमीटर चौरस फळीवर अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने सऱ्या काढायच्या तर त्या सहाशे होतात. पात्याची चाल १८० मीटर भरते. मिनिटाला दीड मीटर या वेगाने त्याला दोन तास लागतात. अंतर निम्मे केले की वेळ दुप्पट. शिवाय लाकडाचा रेषा उलटा आला की पाते तंतू उपटून काढते. सुतार अशा ठिकाणी हात फिरवून दुसऱ्या बाजूने पटाशी लावतो. यंत्राला ते आधी सांगावे लागते, आणि सांगणाऱ्याला लाकूड ठाऊक असावे लागते.

तीन अंकांत मावत नाही ते मात्र या यंत्राला करता येत नाही. पाते वरूनच उतरणार. कानामागची पोकळी, हाताखालची फट, वस्त्राच्या दुमडीचा आतला भाग त्याच्या वाट्याला येत नाही. ओंडका फिरविणारी, पाते तिरपे करणारी मोठी यंत्रे आहेत, पण ती टेबलावर बसत नाहीत. मेफिस्टोफिलिसपुढे घरगुती यंत्र हात टेकते ते येथे.

हैदराबादच्या उत्तरेस सुमारे दोनशे किलोमीटरवर निर्मल गाव आहे. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील या मुलखात मराठी बोली घरोघर ऐकू येते. तेथे पोणिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची फळे, पक्षी आणि जनावरे करणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या राहतात. सर अकबर हैदरी यांच्या पत्नी लेडी हैदरी यांनी या कारागिरांना आश्रय दिला आणि त्यांची कला निजामाच्या राजधानीत आणली. आज पोणिकीचे लाकूड दुर्मिळ झाले आहे आणि कामाची मजुरी मुलांना या धंद्यात धरून ठेवण्याइतकी नाही. अशा वेळी निर्मलचा पोपट टिपून त्याचे अंक करणे कोणालाही फारसे अवघड नाही. एकदा अंक झाले की ते कितीही वेळा, कोठेही, कोणाच्याही यंत्रावर चालतात. निर्मलच्या खेळण्यांना भौगोलिक संकेताचे संरक्षण आहे खरे. पण ते नावाचे रक्षण करते, पोपटाच्या पाठीच्या वळणाचे नव्हे. जॉर्डनच्या काळी नमुना कोरणाऱ्याला निदान त्या एका नमुन्याची मजुरी तरी मिळे. येथे तीही बुडण्याचा संभव आहे, आणि यंत्राच्या कौतुकात या गोष्टीकडे दुर्लक्ष होते हे बरे नाही.

तोच कारागीर ते यंत्र आपल्या पडवीत ठेवू शकला तर चित्र पालटेल. जाड लाकूड काढण्याचे कंटाळवाणे काम यंत्राने करावे, चोच आणि डोळा त्याने. फटीचा प्रश्न निर्मलने केव्हाच सोडविला आहे. तेथे खेळण्याचे अवयव सुटे कोरतात, चिंचोक्यांची खळ लावून ते एकमेकांस जोडतात, सांधे लिंपून बुजवितात आणि वर रंग चढवितात. नव्या यंत्राचे हौशी मालकही पुढची व मागची बाजू वेगळी कोरून सरसाने चिकटवू लागले आहेत.