पद्मिनीचा पिस्टन आणि खराद्याचा तास

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपताना तिला रस्ता सोडावा लागला. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी तिला प्रेमाने निरोप दिला. छतावरचं कॅरिअर, स्टिअरिंगला चिकटलेला गिअरचा दांडा, पाठीमागच्या सीटवर कोंबून बसलेलं अख्खं कुटुंब, सगळ्यांना सगळं आठवलं. मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. टॅक्सी गेली, पण हौसेने सांभाळलेल्या खासगी पद्मिनी अजून आहेत. त्यांच्या इंजिनाचे सुटे भाग आता कोण बनवणार, आणि कितीला?

भाषेच्या शिक्षकाला ही उठाठेव कशाला, असं कुणी विचारेल. मी ट्रॉम्बेत उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्या वर्गातल्या मुलांचे अब्बा, चाचा, मामू यांच्यात वेल्डर आहेत, फिटर आहेत आणि लेथवर उभे राहणारे खरादीही आहेत. लाकूड कातणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात. उर्दूत ते यंत्र म्हणजे खराद आणि ते चालवणारा खरादी. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द लाकडावरून लोखंडावर सहज सरकला. अशाच एका बुजुर्ग खराद्याला मी पिस्टनचा भाव विचारला. ते म्हणाले, ‘सर, लोहे का दाम सब पूछते हैं, टाइम का कोई नहीं पूछता.’ त्या एका वाक्याने मला या गाडीच्या इतिहासाकडे नेलं.

कुर्ल्याचा कारखाना

पद्मिनीचा इतिहास ट्रॉम्बेपासून फार लांब नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्यात कारखाना उभा केला. सुरुवात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडण्यापासून झाली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली. १९६४ मध्ये तिचं ‘११०० डी’ हे रूप आलं. सत्तरच्या दशकात तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली. नाव बदललं, इंजिन तेच राहिलं: चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, १०८९ सीसी.

इथे सरकारी धोरणाचा एक निर्णय महत्त्वाचा ठरला. त्याआधी परदेशी कंपन्या सुटे भाग पेट्यांतून आणून इथे फक्त गाडी जोडत. जनरल मोटर्सचा असा कारखाना १९२८ पासून शिवडीत होता. टॅरिफ कमिशनच्या १९५३च्या अहवालानंतर सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे भारतात भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच इथे राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी काम गुंडाळलं. प्रीमियरसारख्या कंपन्यांना मात्र एकेक भाग इथेच घडवावा लागला. त्यातच १९५७च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई आली आणि आयात आणखी आवळली गेली.

मग सुट्या भागांचं जाळं विणलं गेलं. मद्रासची इंडिया पिस्टन्स १९४९ पासून होतीच. मुंबई, पुणे, कोल्हापूर इथले छोटे कारखाने आणि फाउंड्र्या पुढे आल्या. कोल्हापूरची गोष्ट तर मुळातच सुट्या भागांपासून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेतीच्या ऑइल इंजिनांना परदेशी भाग मिळेनासे झाले, तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी मोडलेला भाग समोर ठेवून नवा घडवला. त्यातूनच उद्यमनगरचा कारखानदारीचा वारसा उभा राहिला. गरज होती, गिऱ्हाईक बरेच होते आणि मिस्त्रीकडे डोळा होता. या तिन्ही गोष्टी एकत्र असतात तेव्हाच सुटा भाग स्वस्त होतो.

पहिल्या नगाची किंमत

पिस्टन दिसतो एखाद्या जाड पेल्यासारखा, पण तो पुरता गोल नसतो. थंड असताना तो किंचित लंबगोल ठेवतात आणि डोक्याकडे थोडा अरुंद, कारण इंजिन तापलं की डोकं सर्वांत जास्त फुगतं. सिलिंडरची भिंत आणि पिस्टन यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. फट कमी पडली तर पिस्टन जाम होतो. जास्त झाली तर इंजिन तेल पितं आणि खडखडतं. चारही पिस्टनचं वजन एकमेकांशी जुळावं लागतं. रिंगच्या खाचा आणि पिनचं भोक यांचं मापही तितकंच काटेकोर.

आता असा पिस्टन एकाच गाडीसाठी बनवायचा आहे असं समजा. जुना नग झिजलेला, म्हणजे त्याचं मूळ माप काय होतं हे आधी शोधा. मग ड्रॉइंग. मग ओतकामासाठी साचा. तोही मापाहून थोडा मोठा, कारण ॲल्युमिनियम थंड होताना शेकडा एक-सव्वा भाग आकसतं. मग लेथवर जॉब पकडण्यासाठी खास फिक्स्चर. एवढं झाल्यावर पहिला नग निघतो आणि तो बहुधा भंगारात जातो. दुसऱ्यात दुरुस्ती. धातू किलो-अर्धा किलोचा, पण दिवस मोजा किती गेले.

हिशेब समजावा म्हणून काही आकडे धरू. साचा, फिक्स्चर आणि चाचणी मिळून ४०,००० रुपये. त्यानंतर प्रत्येक नगाचा धातू आणि मशिनिंग १,२०० रुपये. एकच नग बनवला तर तो पडतो ४१,२०० रुपयांना. दहा बनवले तर ५,२००. शंभर बनवले तर १,६००. हजार बनवले तर १,२४०. खराद्याचं कसब तेच, लेथ तोच, धातू तोच. बदलली ती फक्त पहिल्या नगाच्या खर्चात वाटा उचलणाऱ्यांची संख्या.

एकच नग बनवणं आमच्या ट्रॉम्बेला नवं नाही. ४ ऑगस्ट १९५६ रोजी इथे अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. इंधन ब्रिटनचं होतं, आराखडा आणि बांधणी आपल्या अभियंत्यांची. अशा यंत्राचे कितीतरी भाग आयुष्यात एकदाच बनतात आणि त्यांचा पहिल्या नगाचा खर्च देश उचलतो. शौकिनाचा पिस्टनही एकदाच बनतो, पण त्याच्या मागे देशाची तिजोरी नसते.

टॅक्सीने पोसलेला शौक

मग इतकी वर्षं पद्मिनीचे भाग स्वस्त कसे मिळाले? उत्तर काळ्या-पिवळ्या रंगात आहे. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या आसपास टॅक्सी होत्या आणि त्यांतल्या बहुतेक पद्मिनी. साठ हजार गाड्या गुणिले चार, म्हणजे दोन लाख चाळीस हजार पिस्टन एकाच शहरात रात्रंदिवस झिजत होते. टॅक्सी दोन पाळ्यांत चाले. इंजिन लवकर थके, मग ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, पुढच्या खेपेला आणखी मोठा, आणि भिंत पातळ झाली की नवी स्लीव्ह. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅसकेट, व्हॉल्व, सगळ्याला कायमचं गिऱ्हाईक होतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना भाग हाती लागे आणि नव्या भागाचं दुकानही दूर नसे.

या गिऱ्हाइकाकडे पैसा फार नव्हता. उत्तर प्रदेशातून आलेला, भाड्याने टॅक्सी घेऊन चालवणारा माणूस पै-पैचा हिशेब करणारा. पण तो हजारोंच्या संख्येने होता, म्हणून पॅटर्न गोदामात धूळ खात पडले नाहीत. रविवारी जुनी फियाट पुसून मरीन ड्राइव्हला नेणाऱ्या शौकिनाला बाराशेचा पिस्टन बाराशेला मिळाला, कारण उरलेले चाळीस हजार टॅक्सीवाल्यांनी आपसांत वाटून घेतले होते. शौकिनाचा पार्ट टॅक्सीवाल्याने पोसला होता, आणि दोघांनाही त्याची खबर नव्हती.

कारखान्याने शतक बदलताना पद्मिनी बनवणं थांबवलं. कुर्ल्याच्या त्या जागेवर आता कोहिनूर सिटी उभी आहे. वीस वर्षांच्या नियमाने टॅक्सी झपाट्याने घटल्या. मागणी आटली तसे भाग बनवणाऱ्यांनी साचे बाजूला टाकले. साचा शेवटी लोखंडच, भंगाराच्या भावात विकला जातो. एकदा तो वितळला की पुढच्या माणसाला पुन्हा ड्रॉइंगपासून सुरुवात.

काही शौकिनांना मूळ इंजिनापेक्षा जास्त ताकदही हवी असते. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती होत, तिथे सुधारलेल्या फियाट धावत, तेव्हापासूनची ही हौस. इटलीत या इंजिनाचं ७२ मिलिमीटर बोअरचं, १२२१ सीसीचं भावंड खुद्द कंपनीने काढलं होतं. कुर्ल्याचं इंजिन १०८९वरच राहिलं. आज कुणाला मोठा पिस्टन हवा असेल तर आधी ब्लॉकची भिंत किती उरते ते पाहायचं, मग पिस्टन घडवायचा, मग रिंगा आणि हेड गॅसकेट त्या मापाचं शोधायचं. एक भाग बदलला की तो शेजारच्या तीन भागांचं बिल घेऊन येतो.

भांडुपची लॅम्ब्रेटा

याच लाल बहादूर शास्त्री मार्गाने उत्तरेला गेलं की भांडुप. तिथे ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एपीआय, लॅम्ब्रेटा स्कूटर बनवत असे. इटलीत इनोसेंती कंपनीने लॅम्ब्रेटा बंद केल्यावर तिची यंत्रसामग्री १९७२ मध्ये भारत सरकारच्या स्कूटर्स इंडियाने घेतली आणि लखनौला नेली. तिथे नव्वदच्या दशकाच्या अखेरपर्यंत या घराण्यातल्या स्कूटर बनत राहिल्या.

म्हणजे लॅम्ब्रेटाही पद्मिनीसारखीच बंद पडलेली. तरी तिचे नवे सिलिंडर, क्रँकशाफ्ट, पिस्टन आजही बनतात, मूळ इंजिनापेक्षा जास्त ताकदीचेसुद्धा. कारण ब्रिटन आणि युरोपात तिचे चाहते संघटित आहेत. त्यांचे क्लब आहेत, मेळावे आहेत, आणि एका देशात निघालेला भाग दहा देशांत विकला जातो. टॅक्सीवाल्यांनी नकळत जे केलं, ते या लोकांनी समजून-उमजून केलं: पहिल्या नगाचा खर्च वाटून घेतला. पद्मिनीच्या चाहत्यांना हा धडा परका वाटू नये. स्कूटर भांडुपचीच होती.

तासाचा हिशेब

आपल्याकडे मात्र शौकीन एकेकटा येतो आणि बाजारात जो पिस्टन कधीकाळी हजाराला मिळत होता तो आता कितीला देणार, असं विचारतो. खर्च कुठेतरी जिरवावा लागतो. तो धातूत जिरत नाही, वीजबिलात जिरत नाही, गाळ्याच्या भाड्यात जिरत नाही. तो खराद्याच्या तासात जिरतो. माप शोधायला गेलेला दिवस, दुसऱ्या गाडीचा पिस्टन घासून बसतो का हे पाहण्यात गेलेली दुपार, वाया गेलेला पहिला जॉब, यांतलं काहीच बिलावर येत नाही. पुढे गाडी प्रदर्शनात उभी राहते, मालकाचा फोटो छापून येतो, आणि पिस्टन कुणी बनवला हे कुणी विचारत नाही.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण घरात आणि मदरशात लहानपणापासून ऐकतो. मजुरी कधी द्यायची हे त्यात आलं. किती द्यायची, आणि हाताबरोबर डोकं चालवल्याचेही पैसे असतात की नाही, हे आपल्या समाजातही फारसं बोललं जात नाही. कारागिरी आपल्या मोहल्ल्यांत खूप आहे, पण ती उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी चालत आली. कागद नाही, प्रमाणपत्र नाही, म्हणून भाव करताना ती उणी पडते. आयटीआयमधून टर्नर किंवा मशिनिस्ट होऊन बाहेर पडणारा मुलगा आज सीएनसी मशिनवर एकाच भागाचे हजार नग काढतो. झिजलेला तुकडा पाहून मूळ माप ओळखणं त्याला तिथे कुणी शिकवत नाही. ज्या उस्तादाला ते येतं, त्याचा स्वतःचा मुलगा लेथवर उभा राहायला तयार नाही. मी त्या मुलाला दोष देत नाही. बापाच्या बिनपगारी तासांचा हिशेब त्याने जवळून पाहिला आहे.

आता थ्रीडी स्कॅनरने माप घेता येतं, साच्याचा नमुना छापता येतो. त्याने पहिल्या नगाचा खर्च उतरेल, पण शून्य होणार नाही. स्कॅनर झिजलेलं माप झिजलेलंच दाखवतो. ते मूळचं किती असावं हे सांगायला शेवटी माणूसच लागतो.

माझी सूचना साधी आहे. जुन्या गाड्यांच्या मालकांनी दहा-वीस जणांची मागणी एकत्र करावी आणि बिल दोन ओळींत मागावं. एका ओळीत नमुन्याचा खर्च, ज्यात माप, ड्रॉइंग, साचा आणि वाया गेलेला जॉब येईल. दुसऱ्या ओळीत नगाचा खर्च. पहिली ओळ सर्वांनी वाटून घ्यावी. साचा आणि ड्रॉइंग जपून ठेवावं, आणि त्या ड्रॉइंगवर ज्याने ते माप शोधलं त्या खराद्याचं नाव लिहावं. ज्या खराद्याचा उल्लेख मी वर केला, त्यांच्याकडे पाठीला पाठ लावून शिवलेली एक वही आहे. तीत तीस-पस्तीस वर्षांची मापं उर्दूत लिहिलेली आहेत. काही पानांवर तेलाचे डाग आहेत, पण आकडे वाचता येतात. येत्या सुट्टीत माझ्या वर्गातली चार मुलं ती वही मराठीत उतरवून घेणार आहेत.