सोप्यात बसायचं कुणी?



मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एकीचं घरकुल मंजूर झालं. घरच्यांनी कागदावर आखणी केली. इथं सोफा, इथं टीव्ही, इथं पाहुण्यांच्या खुर्च्या. बैठकीत ती म्हणाली, "सगळं ठरलं बघा. मी कुठं बसायचं, तेवढं कुणी विचारलं नाही." आम्ही आधी हसलो आणि मग गप्प झालो. म्हणून आज आपल्या औंध भागातल्या बैठकीच्या खोलीची गोष्ट सांगतो.

आपली जुनी घरं दगडमातीची, वर माळवद. पुढं अंगण, मग सोपा, आत माजघर, त्यामागं चूल. भिंती हातभर जाड, त्यामुळं उन्हाळ्यातही आत गारवा. सोप्यात सामान थोडंच. भिंतीला खुंट्या, दिव्याला कोनाडा, खाली घोंगडं. ऐपतीच्या घरात लोड-तक्के आणि झोपाळा. घोंगड्याची लोकर धनगरांच्या मेंढ्यांची, विणकाम सनगरांचं, ताठपणा चिंचोक्याच्या खळीचा. पाहुणा आला की आधी घोंगडं टाकायचं, मग पाणी. दिवसा त्यावर बैठक, रात्री तेच अंथरूण, सकाळी घडी घातली की जागा मोकळी. एका खोलीत तीन कामं उरकायची.

सोय होती, पण ती सगळ्यांची नव्हती. सोप्यात पुरुष बसायचे. सासरे बाहेर असले की सून माजघराच्या दाराआडून बोलायची. बाईची बैठक जात्यापाशी किंवा मागच्या दारी. ज्या सोप्याला तीच शेणानं सारवायची, तिथं ती टेकायची नाही.

मग खुर्ची आली. तिचीही गोष्ट आपल्याच संस्थानातली. औंध संस्थान एका जागी नव्हतं. औंध, आटपाडी, कुंडल असे त्याचे तुकडे आजच्या सातारा-सांगलीत विखुरले होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना जागेवाचून अडला, तेव्हा राजेसाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली. निवडुंग तोडून १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथं लोखंडी नांगर व्हायचे. पुढं लोखंडी खुर्च्या, टेबलं, खाटाही होऊ लागल्या. त्याच वाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं. एकाच गावातून बसायला खुर्ची आणि बाईला वाचायला मासिक, अशा दोन्ही गोष्टी बाहेर पडल्या.

पण खुर्चीबरोबर घरात उंची आली. घोंगड्यावर बसलेले सगळे एका पातळीवर असतात. खुर्ची आली तसा एक जण वर बसला आणि बाकीचे खाली. वर कोण बसलं, हे तुम्हाला सांगायला नको. लोखंडाच्या जागी पुढं प्लॅस्टिक आलं, त्यानंतर सोफा. सोप्याचा हॉल झाला. तरी आजही चारचौघं आले की आपण चहा देऊन दाराच्या चौकटीला टेकून उभ्याच राहतो. माजघर गेलं, पण दार काही सुटलं नाही.

आता त्या मैत्रिणीच्या घराकडं येऊ. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. त्यातली पुढची खोली दहा बाय दहाची धरा. तीन जणांचा सोफा सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद असतो. समोर टीव्हीचं टेबल ठेवलं की चालायलाच जागा उरते, बसायला नाही. म्हणून आम्ही तिच्या मोकळ्या जागेवर फक्कीनं खोली आखली आणि सगळ्या जणी आत बसून पाहिलं. सोफ्याऐवजी भिंतीलगत खाट ठरली, खाली सामानाला जागा. कोनाडे आणि फळ्या बांधतानाच काढायच्या, म्हणजे कपाटाचा खर्च वाचतो. पश्चिमेला मोठी खिडकी नको, दुपारनंतर खोली तापते. औंधला यमाईच्या डोंगरावर राजेसाहेबांनी १९३८ साली संग्रहालय उभारलं, तेव्हा चित्रांवर उजेड कसा पडेल याचा विचार केला होता. चित्रांसाठी एवढा विचार होतो, तर तांदूळ निवडणाऱ्या, गटाची वही लिहिणाऱ्या बाईसाठी का नको? तिच्या बसण्याच्या जागी उजेड यावा म्हणून उत्तरेची खिडकी तिथं घेतली. तिथून चूलही दिसते आणि रस्ताही.

घरकुल बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर देण्याचा नियम आहे. कागदावर नाव आलं, आता खोलीत जागाही हवी. तेव्हा मैत्रिणींनो, आज संध्याकाळी एक करा. चहा सगळ्यांना द्या, आपलाही कप घ्या, आणि आत न जाता तिथंच बसा.