राष्ट्रीय संस्कृती आणि स्त्री-पुरुषांच्या ठोकळेबाज प्रतिमा (ऑनलाइन ज्ञानकोशांतील)

एखाद्या देशाच्या संस्कृतीचे वर्णन करताना तेथील यच्चयावत स्त्रिया किंवा पुरुष एकाच स्वभावाचे ठरवणारी विधाने. ‘जपानी स्त्री सोशिक’, ‘मेक्सिकन पुरुष मर्दानगी मिरवणारा’ ही नेहमीची उदाहरणे. प्रवासवर्णनांत आणि छापील कोशांत अशी वाक्ये पूर्वीपासून आहेत. विकिपीडियावर (स्थापना २००१) उघड शेरा फार टिकत नाही, कोणीतरी तो उडवतो. तळटीप जोडलेल्या विधानाला मात्र सहसा कोणी हात लावत नाही.

याचा ठळक नमुना म्हणजे डच समाजमानसशास्त्रज्ञ खेर्त हॉफस्टेडे यांचा ‘पुरुषीपणा’ निर्देशांक. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या. त्यांवरचा ग्रंथ १९८० मध्ये निघाला. जपान ९५, भारत ५६, स्वीडन ५ हे आकडे तेव्हापासून लेखालेखांतून फिरत आहेत. मोजले काय होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. पगार, बढती, कामाची दखल आणि आव्हान यांना महत्त्व देणारी उत्तरे ‘पुरुषी’ बाजूला गेली. वरिष्ठांशी चांगले संबंध, सहकार्य, राहायला बरा परिसर आणि नोकरीची शाश्वती यांना महत्त्व देणारी ‘स्त्री’ बाजूला. मोठ्या कंपन्यांतील आजन्म नोकरीसाठी प्रसिद्ध असलेला जपान या मोजपट्टीवर ‘पुरुषी’ टोकाला जाऊन बसतो, हे गमतीचेच. एका कंपनीच्या नोकरदारांवरून अख्ख्या राष्ट्राचा स्वभाव ठरवण्यावर व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये कडक टीका केली.

मेक्सिकोबाबत मानवशास्त्रज्ञ मॅथ्यू गटमन यांचे १९९६ चे पुस्तक महत्त्वाचे आहे. मेक्सिको सिटीतील सांतो दोमिंगो या कष्टकरी वस्तीत राहून त्यांनी मुले सांभाळणारे बाप पाहिले आणि ‘माचो’ पुरुषाचे एकसाची चित्र मोडीत काढले.

कधी हा साचा मजकुरात नसून वर्गीकरणात असतो. एप्रिल २०१३ मध्ये कादंबरीकार अमांडा फिलिपाची यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये दाखवून दिले, की इंग्रजी विकिपीडियावर ‘अमेरिकन कादंबरीकार’ या वर्गातून लेखिकांची नावे काढून ‘अमेरिकन स्त्री कादंबरीकार’ या उपवर्गात हलवली जात होती. म्हणजे देशाचे नाव पुरुषांकडे राहिले. त्यावरून मोठा गदारोळ झाला. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या २०११ च्या पाहणीत संपादकांमध्ये स्त्रिया सुमारे ९ टक्केच होत्या. हे एक कारण असले, तरी सगळा दोष त्यावर ढकलता येत नाही. साचेबंद वाक्य संदर्भग्रंथातूनच आले असेल, तर स्त्री संपादकही ते तसेच ठेवू शकते.

मराठी विकिपीडियावर (आरंभ १ मे २००३) परदेशांविषयीचे लेख इंग्रजीवरून आणताना मूळ विधान आणि तळटीप दोन्ही जशीच्या तशी येऊ शकतात. अनुवाद करणाऱ्याने ‘पुरुषीपणा’ निर्देशांकासारखा आकडा उतरवण्यापूर्वी प्रश्न कोणाला आणि कोणत्या साली विचारले होते हे पाहावे, आणि ते त्याच वाक्यात लिहावे.