वाफसा मोडण्याआधी

पावसाने भिजलेली जमीन औत चालण्याजोगी होते, त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. ओल जास्त असली तर काळी माती फाळाला आणि बैलांच्या खुरांना चिकटते. ऊन लागून वाळली की तिची ढेकळे होतात. मधले दिवस मोजकेच. ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागल्यावर पाऊस झाला की खरिपाची पेरणी या दिवसांतच उरकावी लागते. पेरा मागे पडला की पीक मागे पडते आणि पुढच्या उघडिपीत सापडते. अशा वेळी घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, बैल दगावला किंवा दोघा भावांचे काम एकट्यावर आले, तर पैसे मोजूनही बैलजोडी मिळत नसे. ज्याची जोडी, त्याचेही रान पेरायचे असे. दख्खनच्या गावांनी या पेचावर शोधलेल्या तोडग्याचे नाव इर्जिक.

इर्जिक घालायची म्हणजे अडलेल्या शेतकऱ्याने गावात सांगावा धाडायचा आणि ठरल्या दिवशी शेजाऱ्यांनी आपापली औते घेऊन त्याच्या रानात उतरायचे. मजुरी नाही, हिशेब नाही. यजमानाने सगळ्यांना जेवू घालायचे, एवढीच अट. ऐपतीप्रमाणे पुरणपोळी नाहीतर मटण असे. एकट्याला आठवडाभर पुरणारे काम दहा-बारा औते दिवसभरात आटोपत. याला निसर्गाचीही थोडी साथ होती. गावातले सगळे रान एकाच दिवशी वाफशावर येत नाही. माळाची हलकी मुरमाड जमीन आधी सुकते, ओढ्याकाठची भारी काळी जमीन नंतर. माळवाला मोकळा झाला की काळीवाल्याच्या मदतीला जाऊ शके. सगळ्यांची घाई अगदी एकाच दिवशी आली असती, तर इर्जिकीला कोणीच फिरकले नसते.

तरी इर्जिकीचे खास काम पेरणीपेक्षा नांगरटीचे. काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी माजली की त्यांच्या खोल मुळ्या उपटायला जड लाकडी नांगर लागे आणि तो ओढायला तीन-चार बैलजोड्या. एवढे बैल एका घरी क्वचितच असत. म्हणून ही नांगरट दरवर्षी होत नसे. एरवी कुळवाच्या पाळ्यांवर भागे. नांगरट करायची ठरली की इतरांच्या बैलांवाचून गत्यंतर नसे.

सावड हा इर्जिकीचा जवळचा भाऊ, पण स्वभावाने काटेकोर. तिच्यात दिवसाला दिवस परत करावा लागतो. एकेक बैल असलेले दोघे मिळून जोडी करत आणि आळीपाळीने दोघांची राने उरकत. कोकणात भाताच्या लावणीला सावड विशेष उपयोगी. रोप तीन-चार आठवड्यांचे झाले की ते उपटून लावायलाच हवे. जून झालेल्या रोपाला फुटवे कमी येतात. तिथे घाई जमिनीची नसून रोपाच्या वयाची असते, आणि चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बायकांच्या दिवसांची फेड पुढे त्यांच्याच दिवसांनी होते.

या प्रथेचे फार गोड चित्र रंगवण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे जमीन नाही की बैल नाहीत, त्याच्यासाठी कोणी इर्जिक घालत नसे. गावच्या बड्या वतनदाराचा सांगावा आला की नाही म्हणणे अवघड होते, आणि तिथे इर्जिक कुठे संपते नि वेठ कुठे सुरू होते, हे जेवणाच्या पंगतीवरून ओळखता येत नसे. मोठ्या दुष्काळात तर मुळावरच घाव बसे. १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत दख्खनमध्ये गुरे मोठ्या संख्येने मेली. शेजाऱ्याच्याच दावणीला बैल उरला नाही, तर मदतीला आणणार काय?

लाकडी नांगराची सद्दी मोडायला सुरुवात झाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्याने तो सुरुवातीला खपेना. पुढे १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि हा नांगर गावोगाव पोचला. नंतर ट्रॅक्टर आला, तो तासावर किंवा एकरावर भाड्याने मिळू लागला. बैल कमी झाले, मजुरी रोखीने द्यायची रीत पडली आणि अडल्यावेळी शेजाऱ्याला हाक मारण्याऐवजी ट्रॅक्टरवाल्याला फोन जाऊ लागला. वाफशाचे दिवस मात्र अजूनही मोजकेच असतात. त्यामुळे ट्रॅक्टरसाठीही नंबर लावावा लागतोच.

भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी समाजात याच प्रकारची एक प्रथा पडकई या नावाने टिकली. उतारावर दगडी बांध घालून भातखाचरे पाडण्याचे काम एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे, म्हणून कुटुंबांचा गट आज एकाच्या, तर उद्या दुसऱ्याच्या शेतावर राबतो. डिंभे धरणात जमिनी गेल्यावर या भागात नवी खाचरे पाडण्याची गरज वाढली. तिथे काम करणाऱ्या शाश्वत या संस्थेने पडकईला हाताशी धरले, आणि २०१२ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.